जालन्याच्या आकड्यातला हर्ष

2011 च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या 19,59,046 भरली. हा आकडा आपण सरकारी कागदावर वाचतो आणि सोडून देतो. आज त्याच्याकडे निव्वळ संख्या म्हणून पाहू. अंकांची बेरीज करा: 1, 9, 5, 9, 0, 4 आणि 6, मिळून 34. आता 34 ने मूळ संख्येला भागा. भागाकार 57,619, बाकी शून्य. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी नाव दिले ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी. 2001 चा आकडा 16,12,980. अंकांची बेरीज 27, भागाकार 59,740, बाकी पुन्हा शून्य.

लागोपाठ दोन जनगणनांत हर्षद संख्या आली, म्हणून हा जिल्ह्याला शुभसंकेत मानायचा का? मुळीच नाही. एक कोटीपर्यंत 8,06,095 हर्षद संख्या आहेत, म्हणजे साधारण बारांत एक. 2011 साली महाराष्ट्रात 35 जिल्हे होते. त्यांतल्या दोन-तीन जिल्ह्यांना हा मान निव्वळ योगायोगाने मिळावा. पण योगायोगातही फरक असतो, आणि तो पाहण्यासारखा आहे. कोणत्याही संख्येला 9 ने भागून जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेलाही उरते; आपल्या जुन्या हिशेबनिसांचा नवाचा ताळा यावरच उभा आहे. त्यामुळे बेरीज 27 आली तेव्हा 9 ने भाग जाणार हे ठरलेलेच होते, दैवाकडे उरला तो फक्त 3 चा प्रश्न. 34 ला असा आधार नाही. संख्या सम असल्याने 2 चे काम झाले, पण 17 ने भाग गेला तो कोणत्याही नियमाविना. त्या मोजणीत एक माणूस कमी भरला असता, तरी 19,59,045 ला 33 ने भाग गेलाच असता. एक जास्त भरला असता, तर मात्र नाही.

यावर गणितज्ञ हार्डी यांचा आक्षेप वजनदार आहे. 1940 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी अशा अंकांच्या गमतींना खऱ्या गणितात जागा नाकारली. दशमान पद्धत सोडली की हा गुण टिकेलच असे नाही, हेही खरे. तरीही मला हा निकाल अपुरा वाटतो, कारण गमतीतून निघालेला प्रश्न गमतीपाशी थांबत नाही. 19,59,045 आणि 19,59,046 ही शेजारची जोडी हर्षद आहे. मग अशा सलग किती संख्या मिळतील? 1993 मध्ये कूपर आणि केनेडी या गणितज्ञांनी सिद्ध केले, की सलग 21 कधीच मिळणार नाहीत, सलग 20 मात्र मिळतात, आणि अशा ओळी अनंत आहेत. त्यांनी रचलेल्या ओळींतली सर्वांत लहान संख्या लिहायलाही चार हजार चारशे कोटींहून अधिक अंक लागतात. ती कागदावर मांडणे कुणालाच शक्य नाही, तरी तिच्याबद्दलचे विधान पक्के आहे. म्हणून जिल्ह्यातल्या अंबड, परतूर, भोकरदनच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: उद्या वर्गात आपापल्या गावाचा जनगणनेतला आकडा फळ्यावर लिहा आणि मुलांना भागू द्या.