नोकरी, स्वाभिमान आणि सम्यक वाचा

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



पत्रिकेवर आमचा विषय 'तरुणांपुढील रोजगाराच्या समस्या' असा छापला आहे. त्या विषयावर तासभर बोलता येईल आणि टाळ्याही मिळतील. पण गेल्या महिन्यात वंदना झाल्यावर वस्तीतला एक मुलगा आमच्याजवळ आला. आयटीआय झालेला, फिटर. एमआयडीसीतल्या एका कंपनीतून मुलाखतीचे बोलावणे आलेले. तो म्हणाला, "काका, अर्जावर आडनाव लिहू का नुसतं माझं आणि वडिलांचं नाव लिहून सोडून देऊ? मोबाइलवर बाबासाहेबांचा फोटो आहे, तो काढू का? आई म्हणते तुझं तोंड लई चालतं, तिथं गप बस. दादा म्हणतो, आपण काय कुणाच्या घरचं खातो का, विचारलं तर फाडफाड उत्तर दे."

आम्ही त्याला म्हणालो, "उद्या सांगतो." आणि उद्या काही सांगता आले नाही. इतकी वर्षे व्यासपीठावरून बोलतो, पण त्या पोराच्या साध्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. कंपनीने मुलाखत पुढे ढकलली म्हणून आम्ही वाचलो. तेव्हा आजचे भाषण त्या मुलासाठी आहे. तुम्ही सर्वांनी ऐकावे.

आई म्हणते लपव. लपवून काय होते ते आपल्या इतिहासात लिहून ठेवलेले आहे. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून आले आणि कराराप्रमाणे बडोदा संस्थानात नोकरीला गेले. एवढ्या विद्वान माणसाला त्या शहरात राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. हे दुसऱ्या कोणी रचलेले नाही, बाबासाहेबांनी स्वतः लिहिले आहे. कचेरीत शिपाई फायली दुरून टाकायचे. अकराव्या दिवशी पारशी लोकांचा घोळका काठ्या घेऊन दारात आला. बाबासाहेब त्या दिवशी कमाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

दुसरे उदाहरण आपल्या नाशिकचे. बाबुराव बागूल आपल्या विहितगावचे, १९३० सालचा जन्म. रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेकडे गेले असताना भाड्याच्या खोलीसाठी जात लपवावी लागली. त्या अनुभवातून 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आली आणि १९६३ साली त्याच नावाचा संग्रह निघाला. कथेतल्या तरुणाची जात उघडी पडते आणि त्याला मार बसतो. म्हणजे बडोद्यात काठ्या आल्या आणि कथेतही मारच बसला. चोरलेली जात घरमालक आज ना उद्या शोधून काढतोच, आणि तोवर माणूस रोज रात्री दचकून उठतो तो वेगळा.

परंतु म्हणून आईला मूर्ख समजू नका. तिचे भय खोटे नाही. २००७ साली प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, नावे तेवढी वेगळी. काही अर्जांवर उच्चवर्णीय नाव, काहींवर दलित, काहींवर मुस्लिम. दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या मानाने दोन तृतीयांशाच्या आसपास निघाली. मुलाखत नाही, चेहरा नाही, तोंड उघडणे तर नाहीच. नुसते आडनाव. आईने हा अभ्यास वाचलेला नाही, पण तिला तो तोंडपाठ आहे.

आता दादाचे म्हणणे घेऊ. फाडफाड उत्तर दे. हे आम्ही करून बसलो आहोत, म्हणून अधिकाराने बोलतो. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली. आम्ही तेव्हा शाळकरी होतो, पण ते वारे अंगात भरले ते उतरलेच नाही. पुढे एका कारखान्यात मुलाखतीला गेलो. समोरच्या साहेबाने दाखला उलटासुलटा केला आणि हसत म्हणाला, "तुम्हा लोकांना सरकारात जागा असतात ना, मग इकडे कशाला?" आम्ही उठलो, दाखला त्याच्या हातातून ओढून घेतला, त्याच्या वडिलांचा उद्धार केला आणि दार आपटून बाहेर आलो. दोन दिवस नाक्यावर आमचाच जयजयकार. तिसऱ्या दिवशी पहाटे आई काही न बोलता डोक्याला फडके बांधून कांदे लावायला रोजंदारीवर निघाली. तिने एक शब्द बोलायला हवा होता, म्हणजे आम्हाला भांडता तरी आले असते.

आमचा राग खोटा नव्हता. पण त्या रागाने साहेबाचे काय बिघडले? त्याने घंटी वाजवली आणि पुढच्या उमेदवाराला आत बोलावले. कांदे आईने लावले.

मग गप बसायचे का? नाही. मनमाडला काय झाले ते पाहा. मनमाड आपल्या जिल्ह्यातले. १९३८ च्या फेब्रुवारीत १२ आणि १३ तारखेला तिथे जीआयपी रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद झाली, अध्यक्ष बाबासाहेब. ते बोलले त्याचा मजकूर आज छापील उपलब्ध आहे, तरुणांनी तो मिळवून वाचावा. आपल्याकडे त्या भाषणातले एकच वाक्य सर्वांना ठाऊक असते, कामगारांचे दोन शत्रू म्हणजे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ते म्हणून झाले की वक्ता खाली बसतो. पण बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी रेल्वेतली एकेक जागा काढून दाखवली. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, बढती नाही. त्याला हमाल म्हणून का घेत नाहीत? कारण स्टेशनातल्या हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि मास्तरला आपला माणूस घरात चालत नाही. कारकुनाच्या जागेला परीक्षा नाही, तेव्हा दुसऱ्यांची मॅट्रिक न झालेली मुले आत जातात आणि आपली मॅट्रिक झालेली मुले अर्ज धरून बाहेर. वर्कशॉपात आपला माणूस कुली, मेकॅनिक क्वचित. कापडगिरण्यांत विणकाम खाते बंद, कारण तिथे पगार जास्त आणि विटाळ आडवा.

किती शिव्या आहेत यात? एकही नाही. पण रेल्वेचा कुठला साहेब हे खोडून काढू शकला असता? याला आम्ही फटकळपणा म्हणतो. आणि हा फटकळपणा त्यांनी फक्त मालकापुढे दाखवला असे नाही. मजुरांचे पुढारी भांडवलशाहीवर गर्जतात आणि मजुरामजुरांतल्या जातीवर मूग गिळतात, हेही त्यांनी तिथेच सुनावले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात मात्र ते कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरले.

पुढे काय झाले ते महत्त्वाचे. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला लिहून दिले आणि १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत आपल्यासाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. १९४६ साली कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले, तो कायदाही त्यांच्याच खात्याचा. नाशिकरोडचा प्रेस, ओझरचे एचएएल, एकलहरे, रेल्वे, या ठिकाणच्या पगारांवर आपल्या किती घरांचे स्लॅब पडले आणि किती मुली पदवीधर झाल्या हे मोजा. मग मनमाडच्या त्या परिषदेशी आपल्या घराचे काय नाते आहे ते कळेल.

आता धम्माकडे येतो, नाहीतर भन्तेजी म्हणतील विहारात येऊन युनियनचेच भाषण केले.

अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आणि सम्यक आजीविका शेजारी शेजारी बसल्या आहेत, मध्ये फक्त सम्यक कर्मांत. म्हणजे पोटाचा आणि तोंडाचा संबंध भगवंतांनी आधीच जोडून ठेवला. सम्यक वाचा म्हणजे गोड बोलणे असा आपल्यात समज आहे. मज्झिम निकायातले अभयराजकुमार सुत्त पाहा. तथागत कटू बोलतात का, असा प्रश्न राजपुत्र विचारतो. त्याच्या मांडीवर तान्हे मूल होते. भगवंत विचारतात, या बाळाच्या तोंडात काडी किंवा खडा गेला तर तू काय करशील? राजपुत्र म्हणतो, बोट घालून काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची दया आहे. तेव्हा बोलणे खरे आहे का, हिताचे आहे का, हे दोन आधी पाहायचे. दोन्ही असेल तर ऐकणाऱ्याला आवडो न आवडो, बोलायचे, फक्त वेळ ओळखून. न आवडणारे बोलूच नये असे भगवंत कुठेही म्हणत नाहीत.

आणि सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. नोकराला झेपेल तेवढे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात सेवा करावी, चांगलेचुंगले वाटून खावे, वेळेवर सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे शब्द. आजचे आमचे ठेकेदार यातले किती पाळतात ते तुम्ही सांगा. पण त्याच सुत्तात नोकराचीही पाच आहेत, त्यात दिलेले तेवढेच घ्यावे आणि काम चोख करावे हे आहे. आपल्यातले काही महाभाग कामावर अर्धा तास उशिरा जातात आणि विचारले की जातीयवाद म्हणून ओरडतात. राग येईल, पण बोलतो. अशांमुळे खरे गाऱ्हाणे घेऊन जाणाऱ्याचा आवाज बसतो.

आपल्या त्रिरश्मी लेण्यांवर दर पौर्णिमेला जाता, दहाव्या लेण्यातला शिलालेख कुणाकडून तरी समजून घ्या. नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने, आणि १००० दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे २४० होतात, त्यातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब चोख आहे. आम्हाला त्यात गंमत वाटते ती ही, की राजाच्या जावयाने पैसा विणकरांकडे ठेवला. कारण ते एकेकटे नव्हते. एकट्या विणकराला कोणी तीन हजार दिले असते?

हे आम्हाला फार उशिरा उमगले. पुढे आम्ही दुसऱ्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागलो. जादा तास भरायचे, पण ते हजेरीत चढायचे नाहीत. या वेळी आम्ही कुणाच्या वडिलांचे नाव घेतले नाही. दहा पैशांची वही आणली. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, सोबत कोण. सात महिने लिहिले. कारखाना कायद्यात जादा तासाला दुप्पट मजुरी आहे हे वाचनालयात बसून शोधले. मग अर्ज केला, पाच जणांच्या सह्या घेतल्या. सहावा सही करीन म्हणून रात्री घरी आला आणि सकाळी नको म्हणाला, त्याची बायको बाळंत व्हायची होती. त्याला आम्ही तेव्हा गद्दार म्हणालो, आज म्हणणार नाही. कामगार खात्याच्या कार्यालयात चौदा महिने खेटे घातले. पैसे मिळाले. ठेकेदाराने आम्हाला पुढच्या वेळी घेतले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण इतर चौघे राहिले आणि त्यांचे तास हजेरीत चढू लागले.

आपल्या महिला मंडळातल्या एक भगिनी चार घरची धुणीभांडी करतात. एका घरी त्यांना चहासाठी कान तुटलेला वेगळा कप होता, खिडकीत ठेवलेला. दोन महिने त्या त्याच कपात चहा प्याल्या. दरम्यान दुसऱ्या सोसायटीत काम पक्के केले. मग एके दिवशी बाईंना म्हणाल्या, "ताई, तुमच्या सगळ्या कपबश्या मी धुते आन् हा एकच मला. उद्यापासून हाबी तुम्हीच धुवा." आणि जिना उतरल्या. आम्हाला त्या साहेबापुढे हे सुचले नव्हते.

तर बाळा, तू तिथे मागे उभा आहेस, पुढे ये. आडनाव लिही. त्या नावाने तुझा दाखला आहे, त्या नावाने तुझे प्रमाणपत्र आहे. फोटो काढायचा नाही. फिटरचे काम विचारतील त्याची तयारी अशी कर की तुला नाकारताना त्यांना खोटे कारण शोधावे लागेल. जातीवरून काही विचारले तर आवाज न चढवता म्हण, "साहेब, याचा कामाशी काय संबंध आहे ते सांगा, मी उत्तर देतो." मग गप बस आणि त्याला बोलू दे. बाहेर आलास की विचारणाऱ्याचे नाव, तारीख, वेळ, शब्द लिहून काढ आणि तो कागद विहारात आणून दे. जागा मिळाली नाही तर एक महिना तुझ्या घरचे रेशन समिती पाहील, असे अध्यक्षांनी आत्ताच आमच्या कानात सांगितले आहे. ते आम्ही माईकवर बोललो, आता त्यांना मागे घेता येणार नाही.

त्याची मुलाखत येत्या मंगळवारी आहे. दर रविवारी सकाळी दहा वाजता, वंदना आटोपल्यावर, अर्ज आणि मुलाखतीच्या तयारीसाठी आम्ही इथेच सतरंजीवर बसणार आहोत. येताना दाखल्यांच्या झेरॉक्स आणि एक वही आणावी. प्रेस आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या मंडळींनी घरी बसून पेपर वाचण्यापेक्षा इकडे यावे. मुलींना आईने पाठवावे. जयभीम.