मुलांच्या खर्चाची न लिहिलेली बाजू



मुलांचा खर्च म्हटला की आपण फी, वह्या, गणवेश मोजतो. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शिकवणी नि रिक्षा मात्र पालकांच्याच खिशातून! रोजचा २० रुपयांचा खाऊ वर्षाला ७,३०० होतो. बँकेतल्या माणसाला ही बेरीज केल्यावाचून राहवत नाही. पण आईचा वेळ कोणत्या खात्यात मांडायचा? २०१९ च्या सरकारी पाहणीत घरच्यांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात, पुरुष ७६, असे आढळले. उन्हाळ्यात शाळा बंद, म्हणजे मजुरीला जाणाऱ्या आईचा रोज बुडतो. मुलांना शिबिर नको. अंगण, बादलीभर पाणी, लगोरीच्या सात ठिकऱ्या पुरतात. मोठे माणूस मात्र जवळ हवे. वस्तीतल्या बापांनीही सुट्टीच्या दुपारी पाळीपाळीने वाटून घ्याव्यात. यादी याच सभेत करू.