जुन्या पिकअपचे मऊ ब्रेक पेडल

‘ब्रेकचे पेडल मऊ लागते’ ही तक्रार ऐकायला एक असली तरी तिच्या पोटात तीन वेगळी दुखणी असतात. कधी पेडल रबरी चेंडूसारखे दबते आणि पाय सैल करताच उसळते. कधी ते बरेच खाली जाऊन मग घट्ट होते आणि लागोपाठ दोन-तीनदा मारले की वर येते. कधी ते आधी घट्ट लागते, पण पाय तसाच ठेवला तर हळूहळू तळाकडे सरकत राहते. पहिल्यात बहुधा हवा असते, दुसऱ्यात मागच्या ड्रममधल्या लायनरची ढिलाई आणि तिसऱ्यात मास्टर सिलिंडरमधली आतली गळती. गाडी गॅरेजला लागताच ‘हवा काढून टाका’ असे सांगितले जाते, आणि दोषाचा शोध तिथेच चुकतो.

द्रव दाबला तरी जवळपास आकुंचत नाही, म्हणून पायाचा जोर नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. हवा मात्र आकुंचते. मास्टर सिलिंडरचा व्यास २२ मिलिमीटर धरला, तर ४ मिलिलिटर हवा दाबून टाकण्यात त्याच्या पिस्टनचा सुमारे १ सेंटिमीटर प्रवास खर्च होतो. पेडलची तरफ पाचपट असेल, तर पायाखाली तेच ५ सेंटिमीटर होतात. चमचाभर हवेने एवढा फरक पडतो. लायनर झिजून ड्रमपासून दूर राहिले तर ते अंतर भरून काढण्यातही पेडलचा प्रवास असाच वाया जातो.

तपासणी पायापासून सुरू करावी, पान्याला हात नंतर लावावा. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडण लावावे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारले की बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक होते. आता त्यावर बेताचा जोर देऊन अर्धा मिनिट थांबावे. पेडल सरकत गेले आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरची रबरे दाब मागे सोडत आहेत असे समजावे. इथे जोर बेताचाच हवा. जोरात दाबल्यावर झिजलेले रबरही भिंतीला चिकटते आणि दोष लपतो. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केल्यावर पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर काम करतो आहे. बूस्टर निकामी झाला तर पेडल मऊ होत नाही, उलट दगडासारखे कडक होते. मऊ पेडलसाठी बूस्टर बदलण्याचा खर्च बहुतेक वेळा फुकट जातो.

ढिलाई ओळखण्याची एक सोपी खूण आहे. हँडब्रेक मागच्या लायनरवरच चालत असेल, तर तो चार-पाच दाते ओढून पेडल पुन्हा दाबावे. पेडल लक्षणीय वर आले तर मागचे ॲडजस्टर फिरवून लायनर ड्रमजवळ आणावे लागतील. खराब रस्त्यावरून आल्यावर पहिलेच पेडल खोल जात असेल, तर पुढच्या चाकाचे बेअरिंगही हलवून पाहावे. ढिल्या बेअरिंगमुळे डोलणारी डिस्क पॅडना मागे ढकलते.

टाकीतले ब्रेक ऑइल कमी होत असेल, तर गळती सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये. मागच्या व्हील सिलिंडरवरची रबरी टोपी बोटाने किंचित उचलून पाहावी. आत ओलावा जमून बाहेर गळू लागला असेल, तर लायनर भिजायला वेळ लागत नाही. बाहेर कुठे काहीच दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरचे नट सैल करून तो पुढे ओढावा. मागच्या रबरातून झिरपलेले ऑइल बूस्टरच्या पोटात साचते आणि जमिनीवर त्याचा थेंबही पडत नाही. जुने होज पाइप, दुसऱ्याने पेडल दाबलेले असताना, हाताने चाचपावे. आतून मऊ झालेला पाइप दाबाबरोबर फुगतो.

घाटातली तक्रार वेगळी. दुधाचे कॅन किंवा भाजीचे क्रेट भरून आंबेनळी घाट उतरताना पेडल मऊ पडते आणि गाडी थंड झाल्यावर पुन्हा ठीक लागते, तेव्हा ब्रेक ऑइल उकळून वाफ झालेली असते. हे ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ३ दर्जाचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. अशा वेळी नुसती हवा काढून भागत नाही, सगळे ऑइल बदलावे लागते. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, असे असेल तर दोष तापलेल्या लायनरचा आहे.

नाव ‘ऑइल’ असले तरी हे तेल नव्हे. सुटे भाग डिझेलने धुण्याची सवय इथे फार घातक ठरते, कारण खनिज तेलाच्या अंशानेही ही रबरे फुगतात.

हवा काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवावे, म्हणजे बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत मारू नये, खाली लाकडी ठोकळा ठेवावा. एरवी रबर सिलिंडरच्या न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासून फाटते आणि धडका मास्टर सिलिंडर हवा काढल्यामुळेच निकामी होतो. मागे वजनानुसार दाब बदलणारा व्हॉल्व असेल, तर गाडीचे वजन चाकांवरच ठेवावे. धुरा लोंबत असताना तो व्हॉल्व मागचा दाब रोखतो. कितीही ऑइल वाहवले तरी पेडल उसळतच राहिले, तर कॅलिपरचे निपल पाहावे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसला की निपल खाली येते आणि वर साचलेल्या हवेला वाट राहत नाही.

काम झाल्यावर पेडल दाबून धरून सगळे जोड कोरडे आहेत का ते बघावे. मग रिकामी गाडी मोकळ्या जागेत सावकाश चालवून ब्रेक लावून पाहावा. दुसऱ्या दिवशी गाडी काढण्यापूर्वी टाकीतली पातळी आदल्या दिवशीच्या खुणेशी ताडून बघावी.