सत्कारात मिळालेलं पुस्तक

शाळकरी भीमराव, म्हणजेच पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, परीक्षा पास झाला आणि मुंबईत समाजातल्या मंडळींनी त्याचा सत्कार करायचं ठरवलं. वडील सुभेदार रामजी नको म्हणाले. पोराच्या डोक्यात हवा जाईल, ही त्यांची धास्ती. मंडळींनी शिक्षक-लेखक कृष्णराव अर्जुन केळुसकरांना गाठलं. त्यांनी रामजींचं मन वळवलं आणि सभेत स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र मुलाच्या हाती दिलं. भीमरावानं ते मन लावून वाचलं. बाबासाहेबांनीच ही आठवण लिहून ठेवली आहे.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आपल्या नागपुरात, त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. कौतुक असं हवं, पुढच्या अभ्यासाला विषय देणारं! यंदा शाळेच्या गुणगौरवात ट्रॉफीऐवजी मुलांना त्यांच्या ओढीचं पुस्तक द्या.