आईची भाषा कोणती?

(सांताक्रूझ पूर्व येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडे संक्षिप्त केले आहे.)

मला आज 'मातृभाषा' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी काही भाषेची अभ्यासक नाही. वाकोल्याच्या चाळीत वाढले, नोकरी केली, एक मुलगी वाढवली. त्यामुळे त्या शब्दातल्या 'भाषे'पेक्षा 'माते'बद्दलच मला थोडंफार बोलता येईल.

आपण बसलो आहोत त्या जागेचं नावच मुळी पोर्तुगीज. सांताक्रूझ म्हणजे पवित्र क्रूस. इथून जवळच कालिन्याच्या गावठाणात ईस्ट इंडियन कुटुंबं आहेत. नाव इंग्रजी, धर्म ख्रिस्ती आणि घरातली बोली मराठीची. आमच्या चाळीत एकाच मजल्यावर गुजराती, तुळू, तेलुगू आणि अवधी ऐकू यायची. नळावरची भांडणं मात्र सगळ्याजणी हिंदीतच करायच्या, म्हणजे समोरचीला नीट लागावं!

आमच्या घरातही दोन भाषा होत्या, पण त्यातली एकच ऐकू यायची. माझे वडील सातारकडचे. आई कारवारची, तिची भाषा कोंकणी. लग्न होऊन आली तेव्हा आजीनं तिला बजावलं, "मुलांशी असलं अशुद्ध बोलायचं नाही. नीट मराठी बोल." आई बोलायला लागली. बोलताना आधी मनात जुळवायची, मग तोंड उघडायची. चुकलं तर आम्ही मुलंच हसायचो. हळूहळू ती कमी बोलायला लागली. नातेवाईक म्हणायचे, "सूनबाई फार शांत आहे हो." ती शांत नव्हती, मैत्रिणींनो. तिला शांत केलेलं होतं. आणि ते कुणी मारून-झोडून केलं नव्हतं. म्हणून तो अन्याय आहे हे कुणाला वाटलंच नाही, आईलासुद्धा.

१९८१ सालची गोष्ट सांगते. जनगणनेचं काम घेऊन एक शाळामास्तर दारात आले. विचारलं, "मातृभाषा?" वडील म्हणाले, "मराठी. सगळ्यांची मराठीच." मास्तरांनी लिहून घेतलं. आई आत स्टोव्हला पिन करत होती. पुढे मला कळलं, की लहानपणी आई मुलाशी जी भाषा बोलली ती त्याची मातृभाषा, अशी जनगणनेची व्याख्या आहे. म्हणजे माझ्या बाबतीत वडिलांनी दिलेलं उत्तर बरोबर होतं! आई माझ्याशी मराठीच बोलली होती. पण तिच्याशी तिची आई काय बोलली होती, हे तिला कुणी विचारलं नाही. आणि आणखी कोणत्या भाषा येतात, हा प्रश्न होता तिथंही कोंकणी लिहिली गेली नाही.

१९९२ साली कोंकणी घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. मी कौतुकानं आईला पेपर दाखवला. म्हटलं, "आई, तुझी भाषा आता सरकारमान्य झाली." ती म्हणाली, "झाली असेल गो. पण आता बोलू कोणाशी?"

एवढं सगळं पाहिलेली मी. माझ्या मुलीच्या बाबतीत शहाणी झाले असेन, असं तुम्हाला वाटेल. नाही झाले. तिच्या इंग्रजी शाळेनं सांगितलं, घरी इंग्रजी बोला. मी लगेच सुरू केलं. आजीनं आईला बजावलं होतं ते तोंडावर, मला बजावलं गेलं ते छापील चिठ्ठीवर. फरक एवढाच.

आपण स्वतःला कशा दिसतो, हे आपण कोणत्या भाषेत उभ्या आहोत त्यावर फार ठरतं. बाजारात हिंदीत मी भाभी असते, मोठ्यानं घासाघीस करते. शेजारच्या गुजराती काकींकडे मी बेन असते, तिथं पाय पसरून बसते. मोर्चात मराठीत घोषणा देते तेव्हा मला माझा आवाज आवडतो. आणि इंग्रजीत? इंग्रजीत मी एक घाबरलेली बाई असते. नोकरीत फायली इंग्रजीत लिहायचे, तरी बोलायची वेळ आली की पदराशी चाळा सुरू.

मुलगी पाचवीत असताना पालकसभेला निघालो. ती चपला घालता घालता म्हणाली, "मम्मी, तू काही बोलू नकोस हं. पप्पांना बोलू दे." तिचा अभ्यास मी घ्यायची, तापात रात्रभर मी जागायची, कोणत्या विषयात ती का अडते ते मला माहीत. आणि बोलायचं पप्पांनी! राग मुलीवर काढता येईना. घरी आल्यावर आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "माझं झालं, आता तुझं." एवढंच.

२०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा आणण्यावरून आपल्या राज्यात केवढा वाद झाला. जूनअखेर ते शासननिर्णय मागे घ्यावे लागले. लहान मुलांच्या डोक्यावर ओझं नको, असं मलाही वाटत होतं. पण त्या चर्चांमध्ये एक प्रश्न फारसा ऐकू आला नाही. घरी तो अभ्यास घेणार कोण? जी भाषा तिलाच येत नाही ती मुलाकडून घोकून घेणार कोण? मूल मागं पडलं की "आईचं लक्ष नाही" हे वाक्य मात्र सगळ्यांना पाठ असतं.

इथं कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, मुलाचं करणं हे बाईला निसर्गानंच दिलंय." हा निसर्ग जरा नीट बघू या. पावसाच्या आधी विद्यापीठाच्या आवारात कोकिळ ओरडतो. आपण 'कोकिळा गाते' म्हणतो, पण कुहू कुहू करणारा नर असतो. मादी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि जाते. तिला कुणी कुमाता म्हणत नाही. तळ्यात पानांवरून चालणारा कमळपक्षी असतो. त्याची मादी अंडी घालून निघून जाते आणि अंडी उबवायचं, पिल्लं सांभाळायचं काम नर करतो. तेव्हा निसर्गाकडे बोट दाखवायचं तर सगळीकडे दाखवा.

बरं, हक्काची वेळ आली की हाच निसर्ग बाजू बदलतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात 'नैसर्गिक पालक' असा शब्द आहे. कोण हा नैसर्गिक पालक? बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तर वडिलांची सही मागितली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ साली न्यायालयानं सांगितलं, 'त्याच्यानंतर' म्हणजे केवळ त्याच्या मृत्यूनंतर नव्हे, त्याच्या अनुपस्थितीतसुद्धा. कायद्याचे शब्द राहिले, अर्थ थोडा सैल झाला. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाच्या नावानंतर आईचं नाव येऊ लागलं. चांगलं झालं. पण बघा, रात्री जागायला आई नैसर्गिक आणि सही करायला बाप नैसर्गिक, ही वाटणी निसर्गानं केलेली नाही.

आता आईच्या निसर्गाबद्दल सांगते आणि संपवते.

२६ जुलै २००५ ला इथल्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मी ऑफिसात अडकले. तळमजल्यावरच्या आमच्या घरात पाणी शिरलं. आई माझ्या मुलीला घेऊन वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेली. दिवे नाहीत, फोन नाहीत. मी दुसऱ्या दिवशी दुपारी चिखल तुडवत पोचले. घर सगळं गेलं होतं, पण मुलगी मला बिलगून सांगायला लागली, "मम्मी, आजीच्या भाषेत पाण्याला उदक म्हणतात. पक्ष्याला सुकणें. काजव्याला काजुलो!" मुलगी घाबरू नये म्हणून आई त्या काळोखात रात्रभर तिच्याशी कोंकणीत बोलत होती. कारवारचा पाऊस, नदी, माड, भिरंडांचं झाड. तिची मराठी सुधारायला त्या रात्री कुणी नव्हतं. आई इतकं बोलते, हे मला माझ्या मुलीकडून कळलं.

मला वाटलं, आता आईकडून शिकेन. आपण 'शिकेन' म्हणतो आणि डबे भरत राहतो.

शेवटच्या वर्षी आईला विसरायला व्हायला लागलं. आधी गेली ती मराठी. इतक्या कष्टानं मिळवलेली भाषा सगळ्यांत आधी गेली. एका सकाळी ती सारखी म्हणत होती, "वोत, वोत." मला वाटलं पाणी ओत म्हणते आहे. मी पेला भरला, ती मान हलवायची. दुसरा भरला. ती रडायला लागली. शेवटी मी समोरच्या मंगळूरकडच्या बाईंना हाक मारली. त्या आल्या, कानाशी वाकल्या आणि मला म्हणाल्या, "अहो, वोत म्हणजे ऊन. त्यांना उन्हात बसायचंय."

आम्ही तिला गॅलरीत बसवलं. ती गप्प झाली, बरी वाटली तिला. माझ्या आईला ऊन हवं होतं आणि ते मला समजायला दुभाषी लागला. मैत्रिणींनो, मातृभाषेचा अभिमान वगैरे ऐकते तेव्हा मला ती सकाळ आठवते.

कोंकणी श्रेष्ठ, मराठी वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. मराठीनं मला बोलायला शिकवलं, आता बोलते आहे तीही मराठीच. इंग्रजी मुलीच्या पोटापाण्याला लागली. भाषा कितीही शिका. पण एक शिकवण्यासाठी घरातल्या बाईची जीभ बांधू नका. भाषेला आई म्हणायचं, जमिनीला आई म्हणायचं, नदीला आई म्हणायचं आणि घरातल्या आईला म्हणायचं 'तू बोलू नकोस', हे आता बंद व्हायला हवं.

म्हणून दोन छोटी कामं सांगते. जनगणनेचा माणूस दारात येईल तेव्हा तुमची भाषा तुम्ही स्वतः सांगा, आतून कुणाला सांगू देऊ नका. आणि आज घरी गेल्यावर आईला, सासूला विचारा, "तुमच्याकडे उन्हाला काय म्हणतात?" ती असेपर्यंत विचारा. मी उशीर केला.