आधी पीळ, मग डाख

(कर्जत येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत माझा विषय ‘विजेच्या तारा जोडण्याची प्राथमिक ओळख’ असा छापलाय. काल इथे संतसाहित्य झालं, उद्या शिवकाल आहे. मध्ये मी, हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन. (हशा) न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा व्यासपीठावर कथील वितळवायचं काही त्यांच्या मनात नसणार. पण गोदड महाराजांच्या या गावात मोटारी भरून देणाऱ्या दुकानांच्या पाट्या मोजत या, आणि मग सांगा कोणता विषय तुमच्या जास्त जवळचा.

शेवटी वेळ उरत नाही, म्हणून मुद्दा आताच सांगून टाकतो. डाख, ज्याला तुम्ही दुकानात सोल्डर म्हणता, तो तार जोडत नाही. तार जोडतो पीळ. डाखाचं काम त्या पिळात हवा-पाणी शिरू न देणं आणि विजेला मोकळी वाट देणं. डाख देण्याआधी ओढल्यावर जो जॉइंट सुटतो, तो डाख दिल्यावरही सुटणार. जरा उशिरा, आणि नेमका भरणं चालू असताना. बाकी सगळा तपशील. ओहमचा नियम तुमचा शाळेत झालेलाच आहे, त्यात वेळ घालवत नाही. (मागे कुजबुज) नसेल झाला तर शेजारी बसलेल्या दहावीच्या पोराला विचारा.

तर पीळ. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या पोरांना पहिल्याच वर्षी जॉइंट करायला लावतात: साधा ट्विस्ट, टी, रॅट टेल, ब्रिटानिया, मॅरीड, वेस्टर्न युनियन. मॅरीडमध्ये दोन केबलच्या बारीक तारा फाकवून एकमेकींत गुंतवायच्या आणि दोन्हीकडून गुंडाळायच्या. नाव मी ठेवलेलं नाही. (हशा) पण माझा लाडका वेस्टर्न युनियन. अमेरिकेतल्या तारायंत्राच्या कंपनीचं नाव त्याला चिकटलंय. दोन टोकं एकमेकींवरून तिरपी न्यायची, मध्ये एक-दोन सैल वेढे, मग प्रत्येक टोकाचे दुसऱ्या तारेवर पाच-सहा घट्ट वेढे. ओढाल तेवढा आवळतो. दोन खांबांमधल्या तारेचा ताण त्याला पेलायचा असायचा. आपल्याकडची तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. हा जॉइंट मात्र नासाच्या केबल-कारागिरीच्या नियमांत आहे.

आता एक गोष्ट सांगतो, दोन मिनिटांची.

उजनीचा फुगवटा काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. १९८० साली धरण झालं तेव्हापासून तालुक्याची भीमेकडची बाजू, सिद्धटेक-भांबोऱ्याकडची, त्याच पाण्यावर आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की मोटार पुढे. मोटार पुढे गेली की पाइप वाढवा, केबल वाढवा. घरात असेल तो तुकडा जोडा. काही वर्षांनी त्या केबलला इतके जॉइंट होतात, की मूळ केबल कुठली ते मालकालाही सांगता येत नाही.

अशाच एका रानात मला बोलावलं होतं. मोटार नुसती गुणगुणायची, पाणी उचलायची नाही, स्टार्टर पडायचा. शेतकरी म्हणे, मोटार भरणाऱ्याने फसवलं. त्याची आई म्हणे, मोटार पाण्यात सोडताना नारळ फोडला नाही. हा वाद मी पोचायच्या आधीपासून रंगला होता आणि मी गाडीवरून उतरताच मला पंच नेमलं. मी म्हटलं, आजी, नारळ मागनं फोडू, आधी फ्यूज काढू. आजी म्हणाल्या, “फ्यूज काढून हात घालनार असशील, तर मंग नारळ लागत न्हाई बाबा.” (हशा, टाळ्या) टाळ्या आजींना देतो. काढलेले फ्यूज मी खिशात टाकले. पेटीवर ठेवले, तर कोणीतरी ‘लाइट आली’ म्हणून बसवून मोकळं होतं. आणि आपण केबलवर वाकलेलो.

मग पायवाटेनं एकेक जॉइंट चाचपत निघालो. बाभळीखालचा एक चांगलाच तापलेला. टेप सोडली, तर आत डाख बघत राहावा असा. गुळगुळीत, चकचकीत. भाच्यानं दिलेला, मोबाइलवर बघून शिकलेला, आणि भाचा शेजारीच उभा, शाबासकीच्या तयारीत. दोन्ही बाजूंनी धरून ओढलं, आणि एक टोक अलगद माझ्या हातात आलं. दोन टोकं शेजारी-शेजारी ठेवून वरून डाख ओतलेला. पीळ नावालाही नाही. तिसऱ्या फेजचा तिथेच खेळ चाललेला आणि मोटार बिचारी दोन फेजवर गुणगुणत होती.

आता हिशेब करा. पाच हॉर्सपॉवरची मोटार, एका तारेतून आठ अँपिअर धरा. जॉइंटमध्ये अर्धा ओहम विरोध. आठाचा वर्ग चौसष्ट, त्याच्या निम्मे बत्तीस. बत्तीस वॅट! माझ्या हातातलं आयर्न पंचवीस वॅटचं आहे. त्या टेपच्या आत याहून मोठं आयर्न रात्रभर चालू होतं. ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं असा डाख १८३ अंशांना वितळतो. असला जॉइंट स्वतःच स्वतःला सोडवून घेतो. ओहमचा नियम टाळतो म्हणालो होतो, तो आलाच.

पुढे भाच्याकडूनच पुन्हा जॉइंट करून घेतला, पाणी आलं, आणि आजींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाजरीची भाकरी, पिठलं, आणि वर त्या ठेच्याची... हो, हो, चिठ्ठी मिळाली. ‘पाच मिनिटे.’ अध्यक्षमहाराज, ठेचा सोडतो. (हशा)

मागच्या रांगेत आपले वायरमन मित्र हाताची घडी घालून बसलेत. त्यांच्या मनातलं मीच बोलतो: आता लग आणि क्रिम्पिंगचा जमाना, डाख कोण देतंय? मान्य. ट्रॅक्टरच्या वायरिंगला मीही क्रिम्पच सांगेन. डाख तारांमधून पुढे झिरपतो, तेवढा भाग ताठ होतो, आणि हादऱ्यांनी तार नेमकी त्या ताठपणाच्या कडेला तुटते. बोर्डातल्या स्क्रूखाली जाणाऱ्या टोकालाही डाख देऊ नका. दाबाखाली तो मऊ धातू हळूहळू सरकतो, स्क्रू ढिला पडतो आणि बोर्ड जळतो. अ‍ॅल्युमिनियमवर तर साधा डाख धरतच नाही. सोललं की क्षणात त्यावर ऑक्साइडचा थर येतो. तांब्याला अ‍ॅल्युमिनियम जोडायचं तर बायमेटल लग घ्या. एवढं सगळं मान्य. पण क्रिम्प म्हणजे काय? दाबून आवळलेला जॉइंट. म्हणजे तोही साक्षीला माझ्याच बाजूनं उभा. राहता राहिला आकडा. त्यात पीळ नाही, डाख नाही, आणि सभागृहात महावितरणचं कोणी असेल, म्हणून तो विषय नको. (मोठा हशा)

आता भराभर कृती. फ्यूज काढा, टेस्टरनं बघा. तार सोलताना तांब्याला चीर पाडू नका. स्लीव्ह आधी ओवून ठेवा. जॉइंट झाल्यावर ती आठवते आणि मग सगळं उसवावं लागतं. पीळ घाला, ओढून बघा. आयर्नच्या टोकाला थोडा डाख लावून ते पिळाच्या खाली टेकवा, आणि डाखाची तार वरून पिळाला लावा, आयर्नला नव्हे. तांबं पुरेसं तापलं की डाख आपोआप आत ओढला जातो. जाड केबलला पंचवीस वॅट पुरत नाहीत, शंभरचं आयर्न लागतं. कल्हईवाला भांड्याला नवसागर लावतो, म्हणून आपण तारेला लावायचा नाही. तो तांबं खातो. तारेला राळच, आणि ती बहुतेक डाखाच्या तारेच्या पोटातच असते. आयर्न काढल्यावर हलवू नका, फुंकर मारू नका. हललेला जॉइंट भुरकट आणि खरबरीत होतो, दुकानात त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. जॉइंट पाण्यात जाणार असेल तर तिन्ही तारांचे पीळ एकाच जागी घेऊ नका, वर-खाली घ्या. वर रबर टेप, त्यावर पीव्हीसी.

हे सगळं इथेच करून दाखवणार होतो, पण वाऱ्यावर डाख धड बसत नाही, पंखे बंद करावे लागतील. (‘नको, नको!’) ठीक आहे. बाहेर ओट्यावर करू. तिथे टेबलावर तांब्याच्या तारांचे तुकडे ठेवलेत. पीळ घालून माझ्याकडे आणा, मी ओढून बघेन. सुटणार नाही त्यालाच डाख मिळेल. लहान मुलांनी मोठ्यांना सोबत आणावं. आणि एक, आयोजकांनी चिवडा ठेवलाय, पण बाजारातल्या साध्या डाखात सदतीस-चाळीस टक्के शिसं असतं. आधी साबणानं हात धुवा, मगच चिवड्याला हात लावा.