बरं वाटतंय, मग गोळी कशाला?

(गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. फार्मसीचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या इस्पितळात औषधं देतो. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे आईवडील खिडकीवर नेहमी विचारतात, "आता मुलगा अगदी बरा आहे हो, मग गोळी कशाला?" त्याचं उत्तर आज जरा सविस्तर देतो.

मेंदूतल्या दोन पेशींमध्ये बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत डोपामिन नावाचं रसायन सोडते. पलीकडच्या पेशीवर ते घेणारे रिसेप्टर असतात. डोपामिन म्हणजे पत्र आणि रिसेप्टर म्हणजे पत्रपेटी, असं समजा. या आजारात मेंदूच्या काही भागांत पत्रं फार येऊ लागतात. मग साध्या गोष्टींनाही भलता अर्थ चिकटतो. शेजारी हसला तरी तो आपल्यालाच हसला अशी खात्री वाटते. नसलेले आवाज ऐकू येतात.

हे कळलं ते औषधांमुळे. आपल्या सर्पगंधेवर १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लेख लिहिला होता. १९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिनचा गुण दिसला, पण कारण उमगलं नव्हतं. १९६३ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांच्या प्रयोगांनी डोपामिनकडे बोट दाखवलं. १९७५ मध्ये टोरांटोच्या फिलिप सीमन यांनी औषध नेमकं कुठे बसतं ते शोधलं. ती जागा म्हणजे डी-२ रिसेप्टर.

मग रुग्णांच्या मेंदूत हे रिसेप्टरच जास्त असतात का? मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत ते वाढलेले आढळले. पण त्यातल्या बहुतेकांनी वर्षानुवर्षं औषधं घेतली होती. पुढे पेट स्कॅन आले. कधीच औषध न घेतलेल्या रुग्णांत ही वाढ अगदी थोडी किंवा नाहीच, असं दिसलं. वाढलेलं होतं ते डोपामिन तयार होणं आणि सुटणं.

इथेच आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे. गोळी पत्रपेटीच्या तोंडावर बसते, पत्रं येणं थांबवत नाही. बरं वाटतं ते बहुतेक वेळा गोळी चालू आहे म्हणून. शिवाय पेट्या फार दिवस अडवल्या की मेंदू त्या वाढवतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. अशा वेळी गोळी एकाएकी बंद केली, तर आजार उलटण्याचा धोका मोठा.

जास्त गोळ्या म्हणजे जास्त गुण, हेही खरं नाही. साधारण ६५ ते ८० टक्के रिसेप्टर अडले की गुण येतो. त्यापुढे हात थरथरतात, अंग ताठरतं. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा. डोस कमी करायचा तर तो त्यांनीच, हळूहळू करायचा.

आपला समाज इथे लहान, सगळे एकमेकांना ओळखतात. म्हणून ही गोष्ट झाकली जाते. लग्न ठरलं की गोळ्या बंद होतात, आणि पुढे दोन्ही घरं पोळतात. हा आजार आईच्या वाढवण्यातली चूक नाही, बाहेरची बाधाही नाही. रक्तदाबाची गोळी आपण जेवणाच्या टेबलावर ठेवतो. ही गोळीही तिथेच ठेवू या. कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत.